थंडीतल्या रात्री दोघांपुरतं कुळथाचं कळण

थंडीत मित्र किंवा मैत्रीण जेवायला येणार असेल तर कुळथाचं कळण करावं. एकाच कुकरमधून दोन पदार्थ निघतात: वरचं पाणी म्हणजे गरम गरम प्यायचं कळण, आणि उरलेल्या कुळथांची उसळ. सोबत भाकरी किंवा भात असला की दोघांचं जेवण पूर्ण होतं. फक्त सुरुवात आदल्या दिवशी करावी लागते, आणि मोड काढायचे असतील तर दोन दिवस आधी. संध्याकाळी सहाला आठवण झाली तर कळणाच्या मागे लागू नका; त्या दिवशी कुळथाची पिठी करा, ती अर्ध्या तासाच्या आत होते.

कळणाची चव मसाल्यात नसते, कुळीथ शिजलेल्या पाण्यात असते. त्यामुळे सगळी काळजी त्या पाण्याची घ्यायची.

दोघांसाठी 150 मिलिलिटरची एक सपाट वाटी कुळीथ पुरतात, म्हणजे साधारण 120 ग्रॅम. देशावरच्या दुकानात हुलगे म्हणून मागा, परदेशातल्या भारतीय दुकानात पाकिटावर हॉर्स ग्राम लिहिलेलं असतं. दाणे चकचकीत आणि एकसारख्या रंगाचे बघून घ्या. वर्ष-दोन वर्षं डब्यात पडलेले कुळीथ काळपट दिसतात आणि कितीही शिट्ट्या केल्या तरी आत टणकच राहतात.

कुळथात त्याच रंगाचे बारीक खडे असतात, ते नुसत्या निवडण्याने सुटत नाहीत. म्हणून कुळीथ रोळून घ्या. पसरट पातेल्यात भरपूर पाणी घालून पातेलं गोल हलवायचं, वर आलेले दाणे पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात ओतायचे, असं तीन-चारदा. जड खडे तळाशी राहतात. ही पायरी गाळली तर पहिल्याच घासाला पाहुण्याच्या दाताखाली खडा येईल.

आता चौपट पाण्यात दहा ते बारा तास भिजत घाला. थंडीत कोमट पाणी घेतलेलं बरं. भिजल्यावर दाणा दुपटीच्या आसपास फुगतो. जे दाणे फुगत नाहीत ते गणंग; ते हाताला लागतात, तेवढे वेचून टाका, कारण ते शिजणारही नाहीत. भिजवलेलं पाणी ओतून द्या. त्यात टरफलाचा तुरटपणा आणि पोटात वायू धरणारा काही भाग उतरलेला असतो. जपायचं आहे ते शिजवलेलं पाणी, भिजवलेलं नव्हे. ही गल्लत बऱ्याचदा होते.

मोड काढलेच पाहिजेत असं नाही, पण काढले तर कळण हलकं होतं आणि कुळीथ लवकर शिजतात. निथळलेले कुळीथ सुती फडक्यात घट्ट बांधून झाकणाच्या डब्यात ठेवा. उन्हाळ्यात बारा तासांत येणारे मोड डिसेंबर-जानेवारीत दीड दिवसही घेतात. डबा शेगडीजवळच्या उबदार कोपऱ्यात ठेवावा, किंवा बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून. फडकं पाणी टपकेल इतकं ओलं असेल तर दाणे चिकट होऊन आंबूस वास येतो. तसे झाले तर टाकून द्या. मोड दाण्याएवढा आला की थांबवा, फार लांब झाला की चव उग्र लागते.

शिजवायला सहा वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि एक चमचा तेल. तेल चवीसाठी नाही. कुळथाला खूप फेस येतो आणि तेलाने तो कमी होतो. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. 3 लिटरच्या कुकरमध्ये हे प्रमाण नीट बसतं. जास्त भरलं तर शिट्टीतून तपकिरी फेस उडतो आणि शिट्टीची वाटही बुजू शकते. मोड आलेले असतील तर तीन शिट्ट्या करून मंद आचेवर दहा मिनिटं. नुसते भिजवलेले असतील तर पाच शिट्ट्या आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. कुकर नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून तासभर ते दीड तास लागतो, पाणी आटेल तसं उकळतं पाणीच घालत राहायचं.

दाणा दोन बोटांत दाबल्यावर पिठासारखा मऊ झाला पाहिजे. झाला नाही तर कारण बहुधा तीनांपैकी एक असतं. कुळीथ जुने आहेत, बोअरचं जड पाणी वापरलंय, किंवा आमसूल आधीच घातलंय. आंबट पदार्थाने कडधान्य शिजायला फार वेळ लागतो, म्हणून आमसूल, टोमॅटो, ताक सगळं नंतर. जड पाण्याच्या गावात शिजवण्यापुरतं फिल्टरचं पाणी वापरा. सोडा मात्र घालू नका. दाणे विरघळतात, पाण्याला साबणासारखी चव येते, आणि या पदार्थात पाणीच तर महत्त्वाचं.

मोठ्या भोकाच्या चाळणीतून कळण गाळा, दाणे दाबू नका. सव्वाचार ते साडेचार वाट्या कळण मिळायला हवं. कमी भरलं तर गरम पाण्याने तेवढं करून घ्या.

नुसतं पाणी पातळ लागतं. त्याला अंग येण्यासाठी दोन मोठे चमचे शिजलेले कुळीथ, तीन चमचे ओलं खोबरं, चार लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, चार मिरे आणि एक हिरवी मिरची थोड्या कळणात अगदी गंधासारखं वाटा आणि हे वाटण गाळणीतून गाळून कळणात मिसळा. गाळण्याचा कंटाळा करू नये, टरफलाचा चोथा घशाला लागतो. मग मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळू द्या, अधूनमधून तळापासून ढवळत. साका खाली बसतो आणि लक्ष नसेल तर लागतो.

कोमट पाण्यात भिजवलेली तीन आमसुलं शेवटच्या चार मिनिटांत घाला आणि गॅस बंद करताना काढून टाका. राहिली तर आंबटपणा वाढतच जातो. आमसुलाला स्वतःचं मीठ असतं, म्हणून मीठ त्यानंतर चाखून. तुरटपणा जाणवला तर सुपारीएवढा गूळ पुरतो.

फोडणी साजूक तुपाचीच हवी. दोन चमचे तूप, अर्धा चमचा जिरं, हिंग, सात-आठ कढीपत्त्याची पानं आणि पाच ठेचलेल्या लसूण पाकळ्या. लसूण सोनेरी झाला की लगेच कळणात ओता आणि दोन मिनिटं झाकून ठेवा. लसूण तांबूस-काळा झालेली फोडणी कळणात ओतली तर सगळं कळण कडवट होतं, आणि मग त्यावर इलाज नाही. अशी फोडणी ओतायच्या आधीच फेकून द्या आणि नवी करा. लसूण न खाणारं कोणी असेल तर वाटणात आलं घाला आणि हिंग थोडा वाढवा.

कुळीथ उष्ण मानतात. पाहुण्याला पित्ताचा त्रास असेल तर आमसुलाऐवजी ताकाचं कळण करा. अर्धी वाटी घट्ट, फार आंबट नसलेलं ताक, त्यात अर्धा चमचा तांदळाचं पीठ घुसळून घ्या. कळणाची उकळी पूर्ण थांबल्यावर बारीक धारेने, ढवळत ढवळत घाला. नंतर वाफ येईपर्यंतच गरम करायचं. उकळलं की फाटतं. फ्रिजमधलं गार ताक सरळ ओतलं तरी फाटतं, ते अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. ताक आणि आमसूल दोन्ही एकत्र घालू नयेत.

उसळीला फार वेळ लागत नाही. मोहरी-हिंगाच्या फोडणीत एक कांदा परतून उरलेले कुळीथ, एक चमचा मालवणी किंवा गोडा मसाला, मीठ आणि कणभर गूळ, झाकण ठेवून पाच-सात मिनिटं, वर ओलं खोबरं. हे सगळं पाहुणा यायच्या आधी करून ठेवता येतं. कळणाची फोडणी तेवढी तो आल्यावर द्या, त्या वासानेच भूक लागते. आधी पेल्यातून कळण, मग उसळ आणि तव्यावरून थेट ताटात येणारी तांदळाची नाहीतर बाजरीची भाकरी.

आमसुलाचं कळण फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगलं राहतं. ते घट्ट होतं, तेव्हा अर्धी वाटी गरम पाणी घालून उकळा आणि मीठ पुन्हा चाखा. ताकाचं उरवू नका.