जुन्या फुटबॉलपटूची कारकीर्द कशी लिहावी: टॉम फिनी यांचे उदाहरण

विसाव्या शतकाच्या मध्यावर खेळून गेलेल्या एखाद्या व्यावसायिक फुटबॉलपटूवर लेख लिहायचा असेल, तर सामने आणि गोल यांचा तक्ता उतरवून आरंभ करू नये. त्या तक्त्यातील प्रत्येक आकड्यामागे त्या काळचे नियम असतात आणि ते ठाऊक नसले की खेळाडूवर नकळत अन्याय होतो. इंग्लंडमधील प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबचे टॉम फिनी यांच्या उदाहरणावरून हे काम कसे करावे ते पाहू.

सर्वप्रथम जन्म आणि पहिला लीग सामना यांतील अंतर मोजावे. फिनी ५ एप्रिल १९२२ रोजी प्रेस्टनमध्येच जन्मले आणि लीगचा, म्हणजे क्लबांच्या मोसमभर चालणाऱ्या साखळी स्पर्धेचा, पहिला सामना ऑगस्ट १९४६ मध्ये, म्हणजे चोविसाव्या वर्षी खेळले. हा खेळाडू उशिरा तयार झाला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. परंतु १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच लीग थांबली होती. १९४१ चा युद्धकालीन चषक प्रेस्टनने आर्सेनलला हरवून जिंकला, त्या संघात फिनी होते. पुढे सैन्यात भरती होऊन ते इजिप्त आणि इटलीत गेले. युद्धकाळातील सामने अधिकृत लीग नोंदीत धरले जात नाहीत, म्हणून त्या वर्षांसाठी लेखात स्वतंत्र परिच्छेद राखावा. लीग पुन्हा सुरू झाल्यावर महिन्याभरातच ते इंग्लंडच्या संघात आले, एवढ्यावरून त्यांची तयारी कळते.

त्यानंतर सामन्यांची संख्या मोसमांशी ताडून पाहावी. फिनी यांचे लीग सामने ४३३ आणि गोल १८७. चौदा मोसम, प्रत्येकी ४२ सामने, म्हणजे प्रेस्टनचे एकूण ५८८ सामने झाले. त्यांपैकी १५५ फिनी यांना हुकले. यांतील बरेच दुखापतींमुळे गेले, पण सगळे नव्हेत, कारण त्या काळी इंग्लंडचा सामना शनिवारी असला तरी लीगचे सामने चालूच राहत आणि क्लबला आपल्या खेळाडूविना उतरावे लागे. दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून तारखा जुळवल्याशिवाय ‘सतत जायबंदी’ असे लिहू नये.

पैशांच्या प्रकरणाला मात्र सर्वांत अधिक जागा द्यावी. माझ्या मते त्या पिढीचे आयुष्य तेथेच कळते. इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूंच्या वेतनावर कमाल मर्यादा होती: १९४७ मध्ये आठवड्याला १२ पौंड, १९५८ मध्ये २० पौंड, आणि जानेवारी १९६१ मध्ये ती उठली तेव्हा फिनी निवृत्त झालेले होते. उन्हाळ्यात, सामने नसताना, वेतन त्याहून कमी असे. शिवाय करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राही आणि क्लबने सोडल्याखेरीज त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. १९५२ मध्ये इटलीतील पालेर्मो क्लबने फिनी यांना १०,००० पौंड रोख, दरमहा वेतन, घर आणि मोटार देऊ केली. प्रेस्टनने नकार दिला आणि विषय संपला. अशा रकमेचे आजच्या रुपयांत रूपांतर केल्याने फारसे काही उमगत नाही. त्यापेक्षा तेव्हाच्या १४ पौंडांच्या साप्ताहिक वेतनाने भागून पाहावे: एकट्या त्या रोख रकमेत जवळजवळ चौदा वर्षांचे वेतन भरते. फिनी नळकामाचे शिक्षण पूर्ण केलेले कारागीर होते आणि खेळत असतानाही त्यांचा नळकामाचा व्यवसाय चालू होता, ही माहिती याच परिच्छेदात यावी. गमतीची बाब म्हणून ती वेगळी काढली, तर तिच्यामागचे कारण हरवते.

खेळण्याच्या जागेविषयी लिहिताना आजच्या संज्ञा लादू नयेत. इंग्लंडकडून फिनी ७६ सामने खेळले आणि त्यांनी ३० गोल केले. त्यांपैकी ४० सामने उजव्या कडेला, ३३ डाव्या कडेला आणि तीन सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीच्या मध्यावरचा खेळाडू, म्हणून. उजव्या कडेवर इंग्लंडचेच दुसरे खेळाडू स्टॅन्ली मॅथ्यूज यांचाही हक्क होता, त्यामुळे फिनी यांना अनेकदा डावीकडे जावे लागले. कडेच्या खेळाडूचे ३० गोल आघाडीच्या मध्यावर खेळणाऱ्याच्या गोलांशी सरळ तोलू नयेत.

विजेतेपदांच्या रकान्यात फिनी यांच्या नावे १९५१ चे दुसऱ्या, म्हणजे अव्वल विभागाखालच्या, विभागाचे अजिंक्यपद आहे. लीगच्या अव्वल विभागाचा किंवा एफए कप या इंग्लंडमधील बाद फेरीच्या स्पर्धेचा मान मिळाला नाही. येथे ‘अपयश’ लिहिण्याआधी १९५२-५३ चा गुणतक्ता वाचावा. आर्सेनल आणि प्रेस्टन दोघांचे ५४ गुण झाले. गुण समान झाले की तेव्हा केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागत आणि ज्याचा भागाकार मोठा तो वर राही, म्हणून अजिंक्यपद आर्सेनलला गेले: आर्सेनलचे ९७ भागिले ६४ म्हणजे १.५१६, प्रेस्टनचे ८५ भागिले ६० म्हणजे १.४१७. पुढच्याच वर्षी एफए कपच्या अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमविचने प्रेस्टनला ३-२ ने हरवले. त्याच १९५४ साली आणि पुन्हा १९५७ साली फिनी वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरले.

निवृत्तीची तारीखही तपासून घ्यावी. ते १९६० मध्ये थांबले, तरी १९६३ मध्ये बेलफास्टच्या डिस्टिलरी संघाकडून युरोपियन कप या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेत पोर्तुगालच्या बेनफिकाविरुद्ध उतरले आणि सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. क्लबचा गुणतक्ता शेवटी पुन्हा एकदा उघडावा: फिनी गेल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात प्रेस्टन अव्वल विभागातून खाली घसरला.