अलास्काच्या क्रूझसाठी बॅग भरताना: थंड पावसाचे कपडे

आमच्या घरात सगळ्यांच्या बॅगा मीच भरते. अलास्काच्या क्रूझसाठी भरताना मुंबईच्या पावसाची सवय आधी बाजूला ठेवावी लागते. आपला पाऊस उबदार असतो. दादर स्टेशनवरून घरी येईपर्यंत चिंब झालो तरी डोकं पुसून आल्याचा चहा घेतला की काम भागतं. तिथे अलास्कातल्या जुनो बंदरात ऐन जुलैत दुपारी सतरा-अठरा अंश आणि पहाटे दहा-अकरा. त्यात वारा. अशा हवेत अंगाला चिकटलेला ओला कपडा तासाभरात हुडहुडी भरवतो. म्हणून माझा सगळा हिशेब अंगालगतचा कपडा कोरडा ठेवण्याचा असतो.

हवेचा भरवसा किती नाही, ते आकड्यांवरून कळेल. क्रूझच्या वाटेवरच्या केचिकन बंदरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या सांताक्रूझची पावसाळ्याची सरासरी २३००च्या आसपास आहे. त्याच क्रूझवरचं स्कॅगवे मात्र डोंगरांच्या आड असल्यामुळे बरंच कोरडं. महाबळेश्वर आणि वाईत जो फरक, तोच इथे. त्यामुळे ‘सोमवारी हा ड्रेस, मंगळवारी तो’ असं ठरवून काही जमत नाही. प्रत्येक कपडा दुसऱ्या कपड्याच्या आत किंवा वर बसला पाहिजे, एवढीच अट ठेवा.

सर्वात आत थर्मल, म्हणजे पूर्ण बाह्यांचा इनर आणि लेगिंग. माणशी दोन जोड पुरतात. एक अंगावर, एक वाळत. त्यावर पूर्ण बाह्यांचा पातळ टॉप किंवा शर्ट, त्यावर फ्लीसचं, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाचं जॅकेट आणि सगळ्यात वर पाणी न शिरणारं, टोपीचं रेनजॅकेट. सुती कपडे यात जवळजवळ नकोतच. आयुष्यभर सुती घालणाऱ्यांना हे पटत नाही, पण सूत पाणी धरून ठेवतं आणि ओलं झालं की ऊब देत नाही. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. फ्लीस झटपट वाळतं. जीन्स तर घरीच राहू द्या. जुलैत आपल्या दांडीवर ती किती दिवस दमट राहते ते आठवा, मग केबिनमध्ये काय होईल ते सांगायला नको. पिसांचं फुगीर जॅकेट हलकं आणि गरम असतं, पण भिजलं की चपटं होऊन निकामी होतं. ते घेतलंत तर रेनजॅकेटच्या आतच घाला.

रेनजॅकेटवर पैसे खर्च करा, बाकी कुठेही वाचवा. आपल्याकडचा प्लॅस्टिकचा रेनकोट घामाची वाफ बाहेर सोडत नाही. चालून आलं की माणूस आतूनच ओला होतो आणि थांबला की गारठतो. घेताना आतल्या शिवणींवर टेप लावलेली आहे का ते बघा. माप एक नंबर मोठं घ्या, कारण आत फ्लीस असणार. टोपीला दोरी हवी आणि कपाळावर छोटी झडप हवी. मग घरी परीक्षा घ्या: आत जुना सुती शर्ट घालायचा, वर जॅकेट, आणि बाथरूममध्ये शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहायचं. शर्टावर कुठे ओला डाग पडला, ते लगेच दिसतं. दुकानाची पावती तोपर्यंत जपून ठेवा.

घडीची एक छत्री गावात फिरायला ठीक, डेकवर तिचा उपयोग नाही. वारा तिला उलटी करतो.

सासूबाई पाचवारी सोडून दुसरं काही नेसत नाहीत आणि त्यांना बदलायला लावायचं माझ्या मनात कधी आलं नाही. साडीची व्यवस्था नीट होऊ शकते. परकराच्या आत थर्मल लेगिंग. परकर सुती नको, सॅटिनचा घ्या, कारण सुती परकर काठाकडून पाणी वर ओढतो. साडी जॉर्जेट किंवा तत्सम झटपट वाळणारी, आणि नेहमीपेक्षा दोन बोटं वर नेसलेली, म्हणजे ओल्या फळ्यांवर काठ लोळत नाही, पाय अडकत नाही. वर पूर्ण बाह्यांचा लोकरी ब्लाउज किंवा स्वेटर, पदर पिनेने पक्का केलेला, आणि गुडघ्यापर्यंत येणारं लांब रेनजॅकेट. शाल फक्त जहाजाच्या आत, जेवणघरात. डेकवर ती उडते आणि भिजते.

पायांच्या बाबतीत अजिबात तडजोड नको. पावसाळी सँडल इथे चालतात, तिथे बोटं बधिर होतील. पाणी न शिरणारे, तळाला चांगली पकड असलेले बूट आणि आत लोकरी मोजे. मोज्यांचे चार जोड तरी घ्या. संध्याकाळसाठी बुटांचा दुसरा हलका जोड.

कानटोपी आणि हातमोजे विसरू नका. ग्लेशियर बेमध्ये जहाज हिमनदीसमोर बराच वेळ थांबतं आणि बर्फावरून येणारा वारा थेट तोंडावर लागतो. त्या वेळी थंडीमुळे आत पळावं लागणं फार वाईट. जुनोहून व्हेल बघायला छोट्या बोटीने गेलात, तर बोटीच्या वेगाचा वारा वेगळा.

लोकरीचं सामान आधीपासून जमवा. परळला तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल हिवाळ्यात लागतात. एप्रिल-मेमध्ये शोधायला गेलात तर ते नसतात.

समारंभाच्या रात्रीसाठी एक हलकी रेशमी साडी, पुरुषांना एक ब्लेझर. पैठणीला घरीच आराम द्या. जहाजावर कपड्यांची इस्त्री नेऊ देत नाहीत, आगीच्या भीतीने, म्हणून चुरगळणारं काही नको. स्वतः कपडे धुण्याची सोय काही जहाजांवर असते, काहींवर नसते. बुकिंग करतानाच विचारून घ्या. इनर बेसिनमध्ये धुऊन कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळला की लवकर वाळतो. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, म्हणून चुंबकाचे चार-पाच हुक न्या. ओली जॅकेटं त्यांवरच टांगा.

बंदरावर मोठ्या बॅगा ताब्यात देतात आणि त्या केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होते. व्हँकुव्हरहून निघालात तर जहाज लायन्स गेट पुलाखालून जातं. ते बघायला सगळे वर जमतात आणि वारा असतो. जॅकेट, कानटोपी, औषधं, पासपोर्ट हातातल्या पिशवीतच हवेत.

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी एक रंगीत तालीम करा. बेडरूमचा एसी सोळावर लावून सगळे थर एकावर एक चढवा. हात डोक्यावर नेता येतो का, चेन गळ्यापर्यंत जाते का, वाकून बुटाची नाडी बांधता येते का, हे बघा. जे अडतं ते बदलायला तेव्हा वेळ असतो.

शेवटी कपडे बॅगांत वाटताना एकाचे सगळे कपडे एकाच बॅगेत टाकू नका. प्रत्येक बॅगेत प्रत्येकाचा एक पूर्ण जोड, थर्मलपासून मोज्यांपर्यंत. विमानात एखादी बॅग मागे राहिली तर जहाज तिच्यासाठी थांबत नाही. बूट पायात आणि जाड जॅकेट हातावर घेऊनच विमानतळावर जा, बाहेर मे महिन्याचा उकाडा असला तरी.