चार गाड्यांची मिळून एक येझदी: पहिल्यांदाच जुळवणाऱ्यांसाठी

जुनी टू-स्ट्रोक जुळवायची असं मनात आलं की बहुतेक जण आधी टाकी शोधायला निघतात. माझं सांगणं उलट आहे. आधी कागद बघा, मग चेंबर (क्रँक ज्यात बसते ते इंजिनाचं खालचं घर), आणि टाकी सगळ्यात शेवटी. मी जावा-येझदीवर काम शिकलो, म्हणून उदाहरणं त्यांचीच देतो. यामाहा आरएक्स किंवा राजदूतवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातून 1961 पासून जावा आणि पुढे येझदी या नावाने गाड्या निघाल्या, 1996 साली कारखाना बंद झाला. एवढ्या वर्षांत अडीचशेच्या इंजिनाचा मूळ साचा फारसा हलला नाही: एक सिलिंडर, 65 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 75 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), दोन सायलेन्सर. त्यामुळे एकीचा पार्ट दुसरीला बसतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत कुर्ल्याच्या भंगारात हात घातला की काही ना काही सापडतंच, आणि विकणारा एकच वाक्य म्हणतो, ‘घ्या, बसतंय.’ बसतं हे खरं. पण पार्ट बसला म्हणजे इंजिन टिकेल असं नाही. शेजारच्या पार्टाशी मोजून बघितल्याशिवाय कुठलाही पार्ट आपला मानू नका. (2018 नंतरच्या नव्या जावा फोर-स्ट्रोक आहेत. नाव तेच असलं तरी त्यांच्या इंजिनाचं काहीही इथे चालत नाही.)

कागदांचं थोडक्यात सांगतो. फ्रेमवरचा आणि चेंबरवरचा नंबर आरसी बुकाशी जुळायला हवा. दुसरं इंजिन बसवायचं असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, ते एकदा वाचून काढा. कागद नसलेली फ्रेम फुकट मिळाली तरी घेऊ नका. आणि एक कळकळीची विनंती: साठच्या दशकातली जावा जवळजवळ पूर्ण अवस्थेत हाती लागली तर तिचे पार्ट काढून दुसरीला लावू नका. 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत आणि ते मूळ स्वरूप जपलेल्या गाड्यांसाठी आहेत. तशी गाडी आहे तशीच उभी करावी. जुळवाजुळवीसाठी आधीच विस्कटलेल्या गाड्या भरपूर आहेत.

आता चेंबर. डावा-उजवा भाग कारखान्यात जोडीनेच मशीन केलेला असतो. एक चेंबर या गाडीचा आणि दुसरा त्या गाडीचा असं केलं तर बोल्ट सगळे लागतील, पण दोन बाजूंच्या बेअरिंगची घरं एका रेषेत येतीलच असं नाही. क्रँक जड फिरते आणि बेअरिंग लवकर जातात. म्हणून चेंबर जोडीनेच घ्या. क्रँक प्रेस करून जुळवलेली असते. ती लेथच्या सेंटरवर धरून डायल गेज लावा, दोन्ही टोकांना तीन-चार शतांश मिलिमीटरच्या आत फिरली पाहिजे. कनेक्टिंग रॉड आडवा थोडा हलला तर चालतो, वर-खाली अजिबात हलता कामा नये.

पिस्टनपाशी मात्र घाई करू नका. या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, पेट्रोल आत घेणं आणि धूर बाहेर सोडणं ही दोन्ही कामं पिस्टनची कडच करते. बोअरचा साइज जुळला म्हणून दुसऱ्या मॉडेलचा पिस्टन घातला, पण गजन पिनपासून (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) माथ्यापर्यंतची उंची किंवा खालच्या स्कर्टची लांबी वेगळी असली, तर इंजिनाचं सगळं वेळापत्रकच बदलतं. तपासणी घरच्या घरी होते. पिस्टनला रिंगा न घालता ब्लॉक (म्हणजे सिलिंडर) चढवा, हाताने क्रँक फिरवा आणि टॉर्च घेऊन पोर्टमधून, म्हणजे ब्लॉकच्या भोकांमधून, आत बघा. पिस्टन अगदी खाली असताना ट्रान्सफर पोर्ट (चेंबरमधलं मिश्रण वर नेणारे) पूर्ण उघडे दिसले पाहिजेत. अगदी वर असताना स्कर्टखालून एक्झॉस्ट पोर्टची फट दिसली, तर तो पिस्टन या ब्लॉकचा नाही. मग हेड बसवून प्लगच्या भोकातून सोल्डरची तार कडेपर्यंत सरकवा आणि क्रँक एकदा वरून फिरवून काढा. चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजा, तीच पिस्टन आणि हेडमधली फट. मिलिमीटरपेक्षा पातळ निघालं तर तसंच जोडू नका.

बोअरिंगला ब्लॉक देताना पिस्टन सोबत द्या. ओव्हरसाइज पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात, पण डब्यावर 65.50 लिहिलेलं असलं तरी आतला पिस्टन प्रत्यक्ष मोजल्याशिवाय चांगला मिस्त्री बोअर करत नाही. न मोजता ‘उद्या घेऊन जा’ म्हणणाऱ्याकडून ब्लॉक परत घ्या. रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजने बघा, साधारण पाव मिलिमीटर ठीक. आणि रिंगेची टोकं पिस्टनच्या खोबणीतल्या पिनवरच आली पाहिजेत, नाहीतर ती पोर्टमध्ये अडकून तुटतात.

इंजिन पूर्ण जोडून झालं की ते फ्रेममध्ये चढवण्याआधी हवेची चाचणी करा. नव्या माणसाने एवढी एक गोष्ट शिकली तरी पुष्कळ झालं. टू-स्ट्रोकचं चेंबर हवाबंद हवं. क्रँकचं डायनामोच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन ब्लॉकमध्ये जाम होतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट उठतो. बाहेरून हे काही दिसत नाही. चाचणीला लागतो तो जुन्या पद्धतीचा, हाताने दाबायचा बीपीचा पंप. दोन्ही एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरचं तोंड जाड रबर आणि पत्र्याने बंद करायचं, पिस्टन खाली ठेवायचा म्हणजे पोर्ट उघडे राहतात, आणि प्लगच्या जागी ॲडॉप्टर लावून नळी जोडायची. काटा 250 पर्यंत न्या आणि पाच मिनिटं बघत बसा. थोडासा उतरला तर हरकत नाही, भराभर घसरला तर साबणाचं पाणी ब्रशने फिरवा. चेंबरच्या जोडावर, ब्लॉकच्या पॅकिंगवर किंवा डायनामोमागे फुगे आले की जागा सापडली. कुठेच फुगे नाहीत आणि काटा तरी उतरतोय? मग गिअर ऑइल भरायच्या तोंडाला फेस लावून बघा, क्लचकडच्या सीलची गळती तिथे कळते. सील घेताना व्हायटॉनचीच मागा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, साधं जुनं रबर त्यात टिकत नाही.

वायरिंगमध्ये एकच पथ्य आहे. 6 व्होल्ट ठेवायचं की 12, ते आधी ठरवा आणि बॅटरी, कॉइल, हॉर्न, बल्ब, रेग्युलेटर सगळं त्याच घराण्यातलं घ्या. चेनसाठी पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटवर सरळ पट्टी धरा. मिश्र गाडीत मागचं चाक भलतीकडून आलेलं असतं आणि दोन-तीन मिलिमीटरचा वॉशर इकडचा तिकडे करावा लागतोच. बेंड पाइपचा गोल नट छिन्नी-हातोडीने सोडवू नका, त्याचा हुक पाना मिळतो. ब्लॉकचे आटे गेले तर तो भुर्दंड मोठा असतो.

ज्यांना हेच काम पोटापाण्याचं करायचं आहे त्यांनी आयटीआयला मोटार मेकॅनिकबरोबर फिटर किंवा टर्नर ट्रेडचाही विचार करावा, दोन्ही दोन वर्षांचे आहेत. जुन्या गाड्यांना अर्धे पार्ट बनवूनच घालावे लागतात, आणि स्वतः बुश उतरवता येणाऱ्या पोराला कुठलंही गॅरेज ठेवून घेतं. टू-स्ट्रोकवर हात बसलेले मिस्त्री आता साठीपुढचे आहेत. त्यांच्याकडे पगार न बघता काही महिने काढा. स्पार्कचे पॉइंट सेट करताना ते क्रँक कोणत्या बोटाने धरतात, तेसुद्धा बघून ठेवा.

गाडी सुरू झाल्यावर पहिल्या टाक्यांना लिटरला 40 मिली टू-टी ऑइल ठेवा. कार्बोरेटरचा मेन जेट मोठा घेऊन सुरुवात करा आणि प्लगचा रंग बघत एकेक पायरी उतरा, चॉकलेटी आला की थांबा. हेडचे नट पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण गार झाल्यावर पुन्हा कसा. आणि कात्रज किंवा खंबाटकी उतरताना थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये गाडी सोडून देऊ नका. ऑइल पेट्रोलमधूनच येतं, थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि चाकाच्या जोरावर पिस्टन मात्र पळतच असतो. मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या, मग पुढे उतरा.