आलिशान सेडानची पुनर्विक्री किंमत: घट कशी मोजावी आणि कशी आवरावी

आलिशान सेडान विकायला काढली की मालकाला धक्का बसतो, कारण त्याने मुळात चुकीच्या आकड्यापासून मोजायला सुरुवात केलेली असते. तुम्ही कधीकाळी किती ऑन-रोड रक्कम भरली याच्याशी जुन्या गाड्यांच्या बाजाराला देणेघेणे नसते. तशीच नवी गाडी आज शोरूममध्ये कितीला मिळते, एवढेच तिथे पाहिले जाते. म्हणून आधी दोन रकमा वेगळ्या कराव्यात: गाडीची एक्स-शोरूम किंमत आणि तिच्यावर भरलेला वाहनकर व विमा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर ८० लाख रुपये एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल सेडान घेतली, तर १३ टक्के दराने एकरकमी वाहनकर १० लाख ४० हजार रुपये होतो. डिझेलला हाच दर १५ टक्के आहे, आणि गाडी कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के. विम्याचा हप्ता त्याहून निराळा. हे पैसे पासिंगच्या दिवशीच खर्ची पडले असे धरून चालावे, कारण पुढचा खरेदीदार ते पूर्णपणे कधीच भरून देत नाही.

उरलेल्या ८० लाखांची घट जोखण्यासाठी विमा पॉलिसीवरचा आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा करून विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, हा बरा आधार आहे. मोटार विम्यात सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के घसारा धरतात, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. या हिशेबाने आपली सेडान साडेतीन वर्षांची झाली की तिचा आयडीव्ही ४८ लाखांवर येतो. मात्र ही कमाल मर्यादा समजावी. आलिशान सेडानला प्रत्यक्षात मिळणारा भाव बहुधा याच्या खालीच असतो. एक तर ज्याच्याकडे अशा गाडीसाठी पैसे आहेत तो हल्ली एसयूव्हीकडे वळतो, किंवा चालक ठेवून मागे बसणारा असेल तर त्याला नवीच गाडी हवी असते. दुसरे म्हणजे, गाडी अर्ध्या किमतीला मिळाली तरी तिचे सुटे भाग अर्ध्या किमतीला मिळत नाहीत. एअर सस्पेन्शन (गाडी हवेच्या दाबावर तोलून धरणारी यंत्रणा), गिअरबॉक्स किंवा हेडलॅम्प यांपैकी काही निकामी झाले तर येणारे बिल खरेदीदाराने मनात आधीच वजा केलेले असते.

त्यामुळे ही घट सरळ उतारासारखी न होता पायरीपायरीने होते, आणि कोणती पायरी कधी येणार हे बऱ्याच वेळा आधी कळते. वॉरंटी संपणे ही पहिली मोठी पायरी. गाडी विकायचा विचार असेल तर वॉरंटीचे किमान सहा महिने शिल्लक असताना विकावी. ते शक्य नसल्यास मुदत संपण्यापूर्वी वाढीव वॉरंटी घ्यावी आणि ती नव्या मालकाच्या नावे होते का, हे लेखी विचारून ठेवावे. दुसरी पायरी नव्या पिढीच्या मॉडेलची. चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीज ई-क्लासची लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) पिढी २०१७ साली आली आणि तिच्या जागी ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी पिढी बाजारात आली. सात-आठ वर्षांच्या या चक्रात शेवटच्या वर्षी घेतलेली गाडी थोड्याच महिन्यांत 'जुन्या आकाराची' ठरते, म्हणून अशा वेळी मिळणारी घसघशीत सवलत ही पुढच्या नुकसानीची आगाऊ भरपाई असते, एवढे लक्षात ठेवावे.

तिसरी पायरी कराची, आणि ती कोणाच्याही हातात नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस (जीएसटीवर लागणारा जादा उपकर) रद्द होऊन ४० टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी मोठ्या सेडानवर २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के सेस असा ४८ टक्के भार होता. ही कपात पूर्णपणे ग्राहकाला दिली, तर ८० लाखांची सेडान सुमारे ७५ लाख ७० हजारांना पडते. म्हणजे ऑगस्टमध्ये गाडी घेतलेल्या मालकाची चार लाखांहून अधिक किंमत, ती फारशी रस्त्यावर न येताही, उतरली. भाव सांगताना जुने बिल दाखवण्यात म्हणूनच अर्थ नाही.

गाडी कंपनीच्या नावावर असल्यास हिशेबवहीतील आकड्यावरही विसंबू नये. प्राप्तिकरात दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा मिळतो, त्यामुळे १०० रुपयांची गाडी चार वर्षांनंतरही पुस्तकात सुमारे ५२ रुपयांची दिसते. बाजारात तेवढे येतीलच असे नाही.

खरेदीदार काय तपासतो हे ओळखून तयारी केली, तर भावात खरा फरक पडतो. जाणकार माणूस आरसीवर नोंदणीची तारीख पाहतोच, पण निर्मितीचा महिना आणि वर्ष आधी पाहतो. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत पासिंग केली तरी बाजारात ती मागल्या वर्षाचीच धरली जाते. तो टायरच्या बाजूवरचे चार अंक वाचतो: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. एअर सस्पेन्शन असल्यास गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगून सकाळी एखादा कोपरा खाली बसला आहे का, हे तो पाहील. अशी गळती आधीच दुरुस्त करून बिल फाइलला लावावे. अधिकृत सर्व्हिसच्या पावत्या तारीखवार, दोन्ही चाव्या आणि बँकेचे कर्ज फिटल्यावर हायपोथिकेशन (बँकेच्या तारणाची नोंद) उतरवलेली आरसी एवढे तयार असले की भाव पाडायला सबब उरत नाही.

व्यवहार ठरला की मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून एजंटाच्या हाती देऊ नयेत, कारण नोंद बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते. विम्याचा नो क्लेम बोनस मात्र गाडीसोबत जात नाही. तो मालकाचा असतो आणि पाच वर्षे दावा केला नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. विमा कंपनीकडून त्याचे पत्र मागून घ्यावे, म्हणजे तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीच्या हप्त्यात ती सूट लावता येते.