थिसिससाठी रुग्णाची संमती घेताना या चुका टाळा

एमडी-एमएसची थिसिस, म्हणजे पदवीसाठीचं संशोधन, सुरू झाली की रेसिडेंटच्या (शिकाऊ पदव्युत्तर डॉक्टरच्या) हातात दोन कागद येतात, माहितीपत्रक आणि संमतीपत्र. दुसऱ्यावर सही मिळाली की पहिलं वाचून दाखवायची गरज उरली नाही, अशी समजूत करून घेणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. गगनबावडा, राधानगरी, चंदगडहून कोल्हापूरला उपचारासाठी आलेला माणूस डॉक्टरांना सहसा नाही म्हणत नाही. "तुम्ही म्हणशीला तसं, सायेब. कुठं करू सही?" असं तो म्हणाला की लगेच पेन पुढं करू नका. त्यानं अजून काहीच ऐकून घेतलेलं नाही.

ऑपरेशनच्या कागदांच्या गठ्ठ्यात संशोधनाचा कागद घालणं तर सरळ अन्याय आहे. रात्रीपासून उपाशी ठेवलेला, घाबरलेला रुग्ण समोर येईल त्यावर सही करतो. संशोधनाचं बोलणं वेगळं ठेवा. तातडीची केस नसेल तर आदल्या दिवशी, राउंड संपल्यावर, कॉटशेजारी स्टूल ओढून बसून. "तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही, आणि हो म्हणून नंतर कधीही बाहेर पडता येईल," हे सगळ्यात आधी सांगा. हे शेवटी सांगितलं की तोवर त्यानं मनानं सही केलेली असते.

"समजलं का?" असं विचारू नका, "व्हय" हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, "मावशी, आम्ही काय करणार म्हणून घरी सुनेला सांगशीला?" त्यावर "माझ्या शुगरवर जादाचं औषध देणार हायती" असं उत्तर आलं, आणि अभ्यासात फक्त पाच मिली जादा रक्त काढायचं असेल, तर ती संमती नव्हे. पुन्हा पहिल्यापासून सांगा. माझ्या मते अख्ख्या संमतीपत्रापेक्षा हा एक प्रश्न जास्त कामाचा आहे.

अंगठा घेताना साक्षीदार लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ड्युटीवरच्या सिस्टरला मागाहून बोलावून सही घेतली जाते. साक्षीदार संशोधनाशी संबंध नसलेला हवा आणि सगळं बोलणं होताना तिथं हजर हवा. आई शुद्धीवर, बोलती-चालती असताना मुलाची सही चालत नाही. नातेवाइकाची संमती रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल तेव्हाच. लहान मुलांसाठी पालकांची संमती लागतेच, पण सात वर्षांवरच्या मुलाचा होकारही घ्यायचा असतो.

निपाणी, संकेश्वरकडच्या कन्नडभाषक रुग्णाला वॉर्डबॉयकडून तोंडी समजावून सांगणं पुरेसं नाही. एथिक्स कमिटीनं (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीनं) मंजूर केलेली कागदांची कन्नड प्रत आधीच तयार ठेवा. भाषा कुठलीही असो, सही झालेल्या कागदाची एक प्रत रुग्णाला द्या आणि त्यावर चालू असलेला फोन नंबर असू द्या.

मंजुरीचं पत्र येण्याआधी "दोन-चार केसेस घेऊन ठेवतो" हा मोह आवरा. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एथिक्स कमिटीची परवानगी आधी, संशोधन मग. मागाहून मंजुरी मिळत नाही. कमिटीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि सदस्यांत सामान्य माणूसही असतो, कारण माहितीपत्रक रुग्णाच्या बाजूनं वाचणारं कुणीतरी तिथं हवं.

आणि चूक होऊन गेली असेल तर? समजा, एका रुग्णाची संमती घ्यायचीच राहिली. मागची तारीख घालून सही घेणं म्हणजे खोटा कागद तयार करणं. गाइडला सांगा, कमिटीला काय घडलं ते लेखी कळवा आणि त्यांचा निर्णय येईपर्यंत तो डेटा बाजूला ठेवा. कमिटीनं परवानगी दिली तर रुग्णाला भेटून सगळं खरं सांगा. तो नाही म्हणाला तर ती केस वगळा, सबमिशन तोंडावर आलं असलं तरी.