प्रताप मिलचा माग काढताना

अमळनेरला बोरी नदीपासूनच सुरुवात करा आणि मिलपर्यंत पायी जा. कापडगिरणीला बॉयलरसाठी, रंगाईसाठी पाणी किती लागे, ते डोक्यात ठेवून चाला. मग १८८० चं खानदेश गॅझेटियर वाचा. मिलच्या आधीचा कापूस-व्यापार त्यात सापडेल. मिल काढणाऱ्या प्रतापशेठांनीच उभारलेलं तत्त्वज्ञान मंदिरही पाहा.

जुन्या कामगारांना मात्र ‘इतिहास सांगा’ म्हणू नका. ‘बाबा, कुठल्या खात्यात होतात? पाळी कुठली?’ एवढं विचारा, मग तासभर गप्प बसा. माझे आजोबा साचेखात्यात, म्हणजे मागांवरच्या विणाईच्या खात्यात होते. त्यांच्या पितळी बिल्ल्यावरचा नंबर झिजलाय. बिल्ला घासून चकचकीत करू नका. वर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवा, आकडे उमटतात.