नव्या दुर्बिणीतून सगळं धूसर दिसतंय? आधी नॉब पूर्ण फिरवा

नवी दुर्बीण गच्चीवर लावली आणि चंद्राच्या जागी दुधाळ गोळा दिसला, की लोक हमखास तीनपैकी एक गोष्ट करतात. नवी आयपीस (डोळा लावायचं छोटं भिंग) मागवतात, आरशामागचे स्क्रू पिळायला लागतात, नाहीतर दुर्बीण माळ्यावर टाकतात. तिन्ही करू नका. ‘धूसर दिसतंय’ या एका तक्रारीच्या पोटात चार वेगवेगळ्या तक्रारी असतात, आणि त्यातली आपली कोणती हे कळायला फोकसरचा, म्हणजे आयपीस धरून आत-बाहेर सरकणाऱ्या नळीचा नॉब आणि एक तारा एवढंच पुरतं.

मी इथे नवख्यांकडे सर्रास दिसणाऱ्या दोन दुर्बिणी धरून चाललोय. एक ७०/७००, म्हणजे ७० मिमी भिंगाची आणि ७०० मिमी नाभीय अंतराची. दुसरी १३०/६५०, म्हणजे १३० मिमी आरशाची न्यूटोनियन (भिंगाऐवजी आरशाने प्रकाश गोळा करणारी). तुमची ११४/९०० असली तरी पद्धत हीच.

१. झाकण. पुढचं अख्खं झाकण काढा. त्याच्या मधली छोटी टोपी काढून दुर्बीण उघडली असं समजू नका.

२. आयपीस. डब्यातली सर्वांत मोठ्या आकड्याची लावा, २५ किंवा २० मिमी. बार्लो, म्हणजे पट वाढवायला आयपीसआधी जोडायचं भिंग, डब्यातच राहू दे. खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेलं असतं ते ४ मिमीच्या आयपीसला तिप्पट बार्लो जोडून काढलेलं गणित आहे. ७० मिमी भिंग साधारण १४० पटीच्या पुढे काही नवं दाखवत नाही, तेच चित्र मोठं आणि पुसट करतं. २५ मिमीने २८ पट मिळते आणि फोकस शिकायला तेवढी भरपूर झाली.

३. दिवसा फाइंडर, म्हणजे नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, जुळवून घ्या. यासाठी किमान किलोमीटरभर लांबचा टॉवर किंवा पाण्याची टाकी निवडा. सूर्याच्या आसपासही दुर्बीण नेऊ नका. आयपीसमधून नाही आणि फाइंडरमधूनही नाही, डोळा कायमचा जातो.

समोरच्या इमारतीवर फोकस करून बघू नका असं मी पुन्हा पुन्हा सांगतो, त्याला कारण आहे. ७०० मिमीच्या दुर्बिणीत वीस मीटरवरच्या बाल्कनीचा फोकस ताऱ्याच्या फोकसपेक्षा जवळजवळ २५ मिमी बाहेर पडतो. शंभर मीटरवरच्या खिडकीचा सुमारे ५ मिमी बाहेर, आणि किलोमीटरवरच्या टॉवरचा जेमतेम अर्धा मिलिमीटर. दिवसा शेजाऱ्यांचे कपडे स्वच्छ दिसले होते, रात्री चंद्र दिसत नाही, म्हणजे दुर्बीण बिघडली असं नाही. नॉब बाल्कनीच्या जागेवर राहिलाय, एवढंच.

४. आता खरं काम: तारा धरा आणि नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा.

बहुतेक जण इथेच अडकतात. नॉब अर्धा वळसा इकडे, अर्धा तिकडे फिरवून बघतात आणि ‘काही फरक पडत नाही’ म्हणून सोडून देतात. अहो, फोकसरचा प्रवास कित्येक सेंटिमीटरचा असतो आणि नेमका फोकस त्यातल्या मिलिमीटरहूनही कमी जागेत असतो. थोडंसं हलवून तो सापडला तर ते नशीब समजायचं.

आधी फोकसरच्या वर किंवा खाली असलेला छोटा स्क्रू सैल आहे ना ते बघा. तो आवळलेला असताना जोर लावून नॉब फिरवणारे आणि दाते झिजवणारे लोक मला दर हिवाळ्यात भेटतात. मग नळी पूर्ण आत घ्या. एखादा ठळक तारा मध्यभागी आणा, ब्रह्महृदय चालेल, अभिजित चालेल. व्याध नको, तो फार लुकलुकतो. मोटर नसलेल्या स्टँडवर तारा सारखा निसटतो, त्याचा वैताग आला तर ध्रुवतारा घ्या. पुण्या-मुंबईकडून तो जेमतेम अठरा-एकोणीस अंशांवर दिसतो, त्यामुळे हवा थोडी थरथरते, पण जागचा हलत नाही.

फोकस नसताना तारा मोठ्या तबकडीसारखा दिसतो. न्यूटोनियनमध्ये त्या तबकडीच्या मध्यभागी भोक असतं, थेट मेदूवडा. ते भोक म्हणजे नळीतल्या तिरक्या दुय्यम आरशाची सावली, आणि त्यावरच्या रेघा म्हणजे आरसा धरणाऱ्या पट्ट्या. ती शनीची कडी नव्हेत. या वड्याचा फोटो ‘शनी दिसला’ म्हणून पाठवणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: नॉब फिरवा.

आता नळी सावकाश बाहेर आणत जा आणि फक्त तबकडीच्या आकाराकडे लक्ष ठेवा. तीनपैकी एक गोष्ट घडेल.

पहिली: तबकडी लहान होत गेली, टिंब झाली, पुन्हा मोठी व्हायला लागली. तुमच्या दुर्बिणीला फोकस आहे. टिंबावर परत या आणि पाचव्या पायरीवर जा.

दुसरी: तबकडी लहान होतेय, पण टिंब होण्याआधीच नळी बाहेरच्या टोकाला पोचली. म्हणजे फोकस फोकसरच्या पल्ल्याच्या बाहेर आहे, आयपीस आणखी मागे जायला हवी. खात्री हवी असेल तर आयपीसचा स्क्रू सैल करा आणि ती हातानेच हळूहळू एक-दोन सेंटिमीटर बाहेर ओढा. तारा टिंब झाला की निदान झालं. भिंगाच्या दुर्बिणीत याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, डायगोनल लावलेला नसतो. तो नव्वद अंशांत वळलेला तुकडा मान दुखू नये म्हणून दिलेला आहे असं समजून लोक तो काढून ठेवतात आणि आयपीस थेट फोकसरमध्ये खुपसतात. त्या दुर्बिणीची नळी डायगोनलमधला प्रकाशाचा जादा प्रवास धरूनच आखूड ठेवलेली असते. डायगोनल नसेल तर बऱ्याच दुर्बिणी आकाशात फोकसलाच येत नाहीत. कितीही महागडी आयपीस आणा, उपयोग शून्य. न्यूटोनियनला डायगोनल लागत नाही, तिथे खोक्यात पडलेली जोडनळी लावायची राहिलेली असते.

तिसरी: नळी आत नेताना तबकडी लहान होते, पण आतलं टोक आलं तरी टिंब होत नाही. म्हणजे आयपीस गरजेपेक्षा मागे आहे. न्यूटोनियनमध्ये डायगोनल लावून बसलेले लोक मी पाहिलेत, दुकानातल्या पोराने ‘यानं चित्र सरळ दिसतं’ म्हणून विकलेला. तो काढा. दोन इंची फोकसरमध्ये सव्वा इंची आयपीससाठी एक जोडकडं पुरतं. एकावर एक दोन चढवली असतील तर एक उतरवा. जोडनळी लावली असेल तर तीही काढा.

आणि आरशामागच्या स्क्रूंना हात लावू नका. तारा टिंबापर्यंत पोचत नाही याचा आरशाच्या जुळणीशी संबंध नाही. ‘फोकस होत नाही? कोलिमेशन (आरशांची जुळणी) करा’ हा सल्ला इतक्या ठिकाणी इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो, की कारखान्यातून नीट जुळवून आलेल्या दुर्बिणी लोक पहिल्याच रात्री बिघडवून ठेवतात. मग धूसर चित्राला दोन कारणं होतात आणि शोधणारा हैराण होतो.

५. टिंब होतं, पण धारदार नाही. आता कारणं बदलली. नॉबला दोष देऊ नका.

हवा बघा. चंद्राची कडा सतत लहरत असेल तर ती हवा आहे. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, त्या वेळी अंगण किंवा मैदान बरं. एसीच्या बाहेरच्या युनिटवरून बघू नका. खिडकीतून तर बघूच नका, काच बंद असो की उघडी. दुर्बीण घरातून बाहेर आणल्यावर अर्धा तास तशीच ठेवा, मोठ्या आरशाला त्याहून जास्त. थंडीत आयपीसवर श्वासाची वाफ धरते. ती रुमालाने पुसायची नाही, आयपीस थोडा वेळ खिशात ठेवायची.

डोळा बघा. लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढा, नॉब तो भरून काढतो. सिलिंडरचा नंबर मात्र नॉबने जात नाही. ताऱ्याला रेघा फुटलेल्या दिसत असतील तर डोकं डावी-उजवीकडे कलतं करा. रेघा डोक्याबरोबर फिरल्या तर दोष तुमच्या डोळ्याचा, चष्मा लावून बघा. मग आयपीस तिच्या जागीच गोल फिरवा. रेघा तिच्याबरोबर फिरल्या तर दोष आयपीसचा. कशाबरोबरच फिरल्या नाहीत तर दुर्बिणीकडे वळायचं. न्यूटोनियनमध्ये ठळक ताऱ्याला चार सरळ काटे असतील तर ते त्या आरशाच्या पट्ट्यांमुळे, तो दोष नव्हे.

आता, आत्ता कुठे, कोलिमेशन. १० मिमीची आयपीस लावा, तारा अगदी मध्यभागी ठेवा आणि फोकस किंचित बिघडवा. वड्याचं भोक मधोमध असेल तर स्क्रूंना हात नको. एका बाजूला सरकलेलं असेल तर जुळणी करायला हवी. पहिल्यांदा करताना एखाद्या अनुभवी माणसाला शेजारी बसवा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, अशा ठिकाणी ही माणसं भेटतात.

६. शेवटचा बारीक फोकस. १३०/६५० ही एफ/५ दुर्बीण आहे, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या पाचपट. तिच्यात अचूक फोकसची जागा दोन्ही बाजूंना मिलिमीटरच्या साधारण तीन शतांश एवढीच असते. एफ/१० च्या ७०/७०० मध्ये ती चौपट ऐसपैस असते. म्हणून पहिल्या रात्री छोटी दुर्बीण सोपी वाटते आणि मोठी छळते. युक्ती एकच: फोकस ओलांडून पुढे जा, मग परत या, प्रत्येक वेळी कमी ओलांडत. हात लावल्यावर चित्र हलतं, तेव्हा नॉब सोडा, थरथर थांबू द्या, मग ठरवा. स्टँडचे पाय पूर्ण लांब करू नका, खुर्चीवर बसून बघता येईल एवढेच ठेवा.

गुरू बघताना त्याच्या तबकडीवर फोकस करत बसू नका, ते ठरवणं अवघड जातं. शेजारचे चार चंद्र टिंब झाले की गुरू आपोआप जागेवर येतो. चंद्रावर असाल तर उजेड-अंधाराच्या सीमेवरचं एखादं लहान विवर धरा.

आणि घरच्यांना दाखवताना ‘हात लावू नका, मी फोकस करून ठेवलंय’ म्हणू नका. तुमचा फोकस तुमच्या डोळ्याचा. आजोबांनी चष्मा काढला की त्यांना पुन्हा धूसरच दिसणार, आणि संकोचाने ते ‘हो हो, छान दिसतंय’ म्हणून बाजूला होणार. नॉब त्यांच्या हातात द्या.

७. कॅमेरा. मोबाइल आयपीसला लावत असाल तर आधी डोळ्याने फोकस करा, मग मोबाइलचा फोकस लॉक करा. डीएसएलआर थेट न्यूटोनियनला जोडलात तर बहुधा वरची तिसरी गोष्ट घडेल, नळी आत जाऊन टेकेल आणि फोकस येणार नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर बराच मागे असतो, त्याला हे फोकसर पुरत नाहीत. इथे मात्र बार्लो उपयोगी पडतो, कारण तो फोकस बाहेर ढकलतो. एकदा पल्ल्यात आलं की बाख्तिनोव्ह मुखवटा वापरा. पावेल बाख्तिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकाने २००५ मध्ये काढलेली ही युक्ती म्हणजे तिरक्या फटी कापलेला एक पुठ्ठा. तो नळीच्या तोंडावर ठेवला की ताऱ्यातून तीन रेघा जातात, आणि मधली रेघ बरोबर मध्यावर आली की फोकस झाला. काळ्या कार्डशीटवर घरी कापता येतो. फोटो सुरू करण्याआधी तो आठवणीने काढा, नाहीतर प्रत्येक ठळक ताऱ्याला सहा-सहा काटे फुटलेले सापडतील.